जागृती आणि स्वप्न : गौडपादांचा प्रश्न व आचार्यांचा निवाडा

कवळ्याच्या मठास श्रीगौडपादाचार्य मठ म्हणतात, हे आपल्या समाजात लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ज्या आचार्यांच्या नावाने हा मठ ओळखला जातो आणि ज्यांच्यापासून आपली स्मार्त गुरुपरंपरा मोजली जाते, त्या गौडपादांनी लिहिले काय, असे विचारले असता चांगले बहुश्रुत गृहस्थही क्षणभर थांबतात. 'शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू' एवढे उत्तर मिळते. ते परंपरेस धरून आहे. पण ते नात्याचे उत्तर झाले, मताचे नव्हे. मताचा शोध घेऊ लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट समोर येते. ज्या समाजाने आपली दैवते वाचविण्यासाठी घरदार, शेतेभाते आणि नारळी-पोफळीची कुळागरे मागे टाकून परमुलखाची वाट धरली, त्याच समाजाच्या या आद्य गुरूंनी जागेपणी दिसणारे जग स्वप्नातल्या जगाहून वेगळे ठरत नाही, असे युक्तिवादाने मांडून ठेविले आहे. मग पूर्वजांनी टाकले ते काय, आणि वाचविले ते तरी काय?

हा प्रश्न थट्टेचा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी कागदपत्र पाहिले पाहिजेत.

माण्डूक्य हे उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचे. त्यावर गौडपादांच्या २१५ कारिका आहेत आणि त्यांची चार प्रकरणे पडतात: आगम, वैतथ्य, अद्वैत आणि अलातशांती. यांपैकी दुसऱ्या प्रकरणाच्या नावाचाच अर्थ 'खोटेपणा'. स्वप्नात आपण हत्ती पाहतो, डोंगर पाहतो. ते देहाच्या आत मावणे शक्य नाही, म्हणून ते खोटे, हे कोणीही मान्य करील. गौडपाद पुढचे पाऊल टाकतात. स्वप्नातला हत्ती जसा 'दिसतो', तसाच जागेपणीचाही 'दिसतो'. दिसणे हा धर्म दोन्हींकडे सारखा. जे आरंभी नव्हते आणि शेवटी राहणार नाही, ते मध्ये तरी कसे असेल? यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की जागेपणीच्या अन्नाने पोट भरते, स्वप्नातल्या अन्नाने भरत नाही. त्यावरचे उत्तर चमत्कारिक वाटले तरी सहज झटकता येण्यासारखे नाही. पोटभर जेवून निजलेला मनुष्य स्वप्नात भुकेने व्याकुळ होतो. जागृतीचे जेवण स्वप्नात कामास येत नाही, स्वप्नातले जागृतीत येत नाही. दोन्ही आपापल्या हद्दीपुरती खरी. मग एकाच हद्दीस खरेपणाची सनद कोणी दिली?

हा युक्तिवाद गौडपादांनी प्रथम केला असे मात्र नव्हे. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. बहुतेक विद्वान त्यांना इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपास ठेवितात. त्यांच्या आधी, चौथ्या-पाचव्या शतकात, वसुबंधू या बौद्ध आचार्याने 'विंशतिका' नावाचे लहानसे प्रकरण लिहिले. ते चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून टिकले होते. मूळ संस्कृत पोथी सिल्व्हाँ लेव्ही या फ्रेंच पंडितास १९२२ साली नेपाळात आढळली व १९२५ साली पॅरिसला छापली गेली. या ग्रंथात पूर्वपक्ष मोठ्या प्रामाणिकपणाने मांडला आहे. बाहेर वस्तू नसतील तर अमुक वस्तू अमुक जागीच आणि अमुक वेळीच का दिसते? ती एकालाच न दिसता तेथे असलेल्या सर्वांना का दिसते? आणि तिच्यापासून काम कसे साधते? वसुबंधूची उत्तरे अशी: स्वप्नातले गावही नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी दिसते, प्रेतयोनीतील सर्वांना आपापल्या कर्मामुळे एकच पुवाची नदी दिसते, आणि स्वप्नातल्या भोगाचा परिणाम देहावर प्रत्यक्ष घडतो. डोळ्यांस तिमिर झालेल्या माणसास नसलेले केस दिसतात, तसे सारे बाह्य जग हा विज्ञानाचाच भास आहे. वर त्याने परमाणूवर घाव घातला. परमाणूस सहा बाजू असतील तर त्याला सहा भाग आले, म्हणजे तो परमाणू राहिला नाही. बाजू नसतील तर कितीही परमाणू एकत्र केले तरी सारे एकाच जागी मावतील आणि डोंगरही परमाणूएवढाच राहील. तेव्हा बाह्य वस्तू केवळ दिसत नाहीत एवढेच नव्हे, तर त्या असणेच अशक्य आहे, असा त्याचा निष्कर्ष.

युरोपात देकार्तने स्वप्नाचा हाच संशय १६४१ साली उपस्थित केला आणि तेथील तत्त्वज्ञान त्यावर तीनशे वर्षे झगडत राहिले. बाह्य वस्तूंचे अस्तित्व नुसत्या विश्वासावर मानावे लागणे ही तत्त्वज्ञानाची नामुष्की आहे, असे कांटने १७८७ साली लिहिले. १९३९ साली मूर या इंग्रज प्राध्यापकाने भर सभेत आपले दोन हात वर करून बाह्य वस्तू आहेत असे सिद्ध केल्याचा दावा केला. आपल्याकडे हा खटला त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधी दाखल होऊन बराच पुढे गेला होता, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

गौडपाद आणि वसुबंधू यांच्या शस्त्रांतील साम्य उघड आहे. विधुशेखर भट्टाचार्यांनी १९४३ साली कलकत्ता विद्यापीठातर्फे कारिकांची आवृत्ती काढली, तीत बौद्ध ग्रंथांशी असलेली जुळणी ओळीगणिक दाखविली. दहा वर्षांनी, १९५३ साली, पुण्याच्या भांडारकर संस्थेतून रघुनाथ दामोदर करमरकरांची आवृत्ती निघाली. तिचा कल गौडपाद हे अस्सल वेदान्तीच, असे दाखविण्याकडे आहे. या वादातील एक मुद्दा वकिलाला विशेष आवडावा असा आहे. अलातशांतीच्या शेवटून दुसऱ्या कारिकेत 'हे बुद्धाने सांगितलेले नाही' अशा अर्थाचे विधान आहे. भाष्यकार म्हणतात, पाहा, ग्रंथकाराने आपले मत बौद्धांहून वेगळे असल्याचे स्वतःच सांगितले. भट्टाचार्य म्हणतात, परमार्थ शब्दांत सांगता येत नाही आणि म्हणून बुद्धाने तो सांगितला नाही, हेही बौद्धांचेच मत आहे! एकाच दस्तऐवजातील एकच वाक्य दोन्ही पक्षांनी आपल्या बाजूने हजर केल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

माझे मत विचाराल तर शस्त्रे उसनी आहेत, पण ती ज्या घराच्या रक्षणास वापरली ते घर वेगळे आहे. वसुबंधूच्या मते क्षणोक्षणी उपजणारे आणि मावळणारे विज्ञान हेच काय ते आहे. गौडपादांच्या मते कल्पना करणारा आत्मा आहे, तो नित्य आहे आणि स्वतःच्याच मायेने स्वतःवर हे सारे कल्पितो. दोरीवर साप दिसतो. साप खोटा असला तरी दोरी खरी आहे. बौद्ध विज्ञानवाद्याला ही दोरी मान्य नाही. हा फरक लहान नव्हे. पण सामान्य माणसाच्या कानी पडते ते 'जग खोटे' एवढेच, आणि तेथे दोन्ही मते एकच भासतात.

या विज्ञानवादाला पहिला खणखणीत जबाब वेदान्त्यांनी दिला नाही. तो मीमांसक कुमारिल भट्टांनी दिला. श्लोकवार्तिकाच्या निरालंबनवाद या प्रकरणात ते विरोधकाचे अनुमान उलगडतात. ज्ञान आहे म्हणून ते निर्विषय, स्वप्नज्ञानासारखे, असे तुम्ही म्हणता. पण स्वप्नातल्या ज्ञानाला विषय नसतो, हेच मुळी कोठे सिद्ध आहे? अन्यत्र, अन्य काळी पाहिलेल्या वस्तूच तेथे उलटसुलट होऊन येतात. शिवाय प्रत्येक ज्ञान निर्विषय असेल, तर तुमच्या या अनुमानाचे ज्ञानही निर्विषय. मग तुम्ही सिद्ध केले ते काय? बौद्ध जे दुय्यम, झाकलेले 'सत्य' मानतात, त्याचाही ते समाचार घेतात: ते सत्य असेल तर झाकलेले कसे, आणि खोटे असेल तर सत्य कसे? कुमारिलांचे मुख्य तत्त्व असे की ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण असते. त्याला बाहेरून दाखला लागत नाही. पुढच्या ज्ञानाने ते उलटविले, अगर त्याच्या कारणात दोष दाखविला, तरच त्याचे प्रामाण्य जाते. आमच्या भाषेत, पुराव्याचा भार नाकारणाऱ्यावर. १८७२ चा पुरावा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी 'सिद्ध' या शब्दाची व्याख्या तीच राहिली: शहाणा मनुष्य ज्या समजुतीवर विसंबून वागेल, इतकी जिची संभाव्यता, ती गोष्ट सिद्ध. तिमिर झालेल्या एका साक्षीदारास केस दिसले, म्हणून निरोगी डोळ्यांच्या शंभर साक्षीदारांची जबानी कोणतेही न्यायालय फेकून देत नाही.

आता शंकराचार्यांकडे येऊ. त्यांच्या काळाविषयी बेळगावच्या वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. बेळगावात सापडलेल्या दोनचार पानांच्या एका पोथीच्या आधारे काशिनाथ बापूजी पाठक यांनी १८८२ साली ७८८ ते ८२० हा काळ मांडला, आणि पाठ्यपुस्तकांत तो अजूनही छापला जातो. अलीकडचे संशोधक आचार्यांना आठव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे मागे नेतात. ते काही असो, ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात विज्ञानवादाचे खंडन येते, आणि त्यावरचे आचार्यांचे भाष्य म्हणजे जगाच्या बाजूने झालेले एक अप्रतिम भाषण आहे. ज्या आचार्यांना आपण 'जग मिथ्या' म्हणणारे म्हणून ओळखतो, त्यांचेच ते आहे!

ते म्हणतात, खांब, भिंत, घडा, वस्त्र ही प्रत्येक ज्ञानाबरोबर प्रत्यक्ष मिळतात. जे मिळते ते नाही असे म्हणता येत नाही. जेवून तृप्त झालेल्या माणसाने 'मी जेवलो नाही, तृप्तही झालो नाही' म्हणावे, तसे ते आहे. आपण खांब पाहतो तेव्हा खांब पाहतो, खांबाचे ज्ञान पाहत नाही. विज्ञानवादी म्हणतो की आतलेच बाहेर असल्या'सारखे' भासते. आचार्य तो 'सारखे' हा शब्दच पकडतात. बाहेर काही मुळीच नसेल, तर 'बाहेरच्यासारखे' ही उपमा आली कोठून? अमका विष्णुमित्र वांझेच्या पोरासारखा दिसतो, असे कोणी म्हणत नाही. आणि परमाणूचा मुद्दा? येथे आचार्यांचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. काय संभवते आणि काय संभवत नाही, हे प्रमाणांवरून ठरते. संभवाच्या कल्पनेवरून प्रमाणे ठरत नाहीत. डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेविषयी 'असे घडूच शकत नाही' हा बचाव न्यायालयात किती टिकतो, हे सांगावयास नको.

पुढच्या सूत्रात प्रश्न थेट स्वप्नाचा आहे, आणि उत्तरही थेट आहे: धर्म वेगळे असल्यामुळे जागृती स्वप्नासारखी नव्हे. स्वप्नातले ज्ञान जाग आल्यावर उलटते. 'माझे मन झोपेने ग्लान झाले होते, म्हणून तसे दिसले,' असे आपण म्हणतो. जागेपणी पाहिलेला खांब तसा कोणत्याही अवस्थेत उलटत नाही. दुसरे, स्वप्न ही स्मृती आहे आणि जागृती हे प्रत्यक्ष. या दोहोंतला भेद दाखविण्यास आचार्य दूर जात नाहीत. मुलाची आठवण येते, पण तो दिसत नाही. त्याला पाहावेसे वाटते. आठवण आणि दर्शन एकच असते, तर आठवणाऱ्या बापाचे मन मुलाच्या भेटीसाठी झुरले नसते. संन्याशाच्या लेखणीतून आलेला हा दाखला वाचून मी प्रत्येक वेळी क्षणभर थांबतो.

मग परमगुरू आणि प्रशिष्य यांच्यात विरोध आहे की काय? एक म्हणतो जागृती स्वप्नवत् आहे, दुसरा म्हणतो नाही. शिवाय कारिकांवरील भाष्यही आचार्यांच्याच नावावर आहे आणि त्यात गौडपादांचा युक्तिवाद निष्ठेने चालविला आहे. ते भाष्य त्यांचे नव्हेच, असे म्हणून काही आधुनिक विद्वान या अडचणीतून सुटतात. ही सुटका सोयीची असली तरी मला पटत नाही. पक्षकाराचे दोन जबाब जुळत नाहीत म्हणून त्यांतला एक बनावट ठरविण्याआधी, दोन्ही जबाब एकाच प्रश्नास दिले होते काय, हे पाहणे प्राप्त आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. वेदान्तात सत्तेच्या पायऱ्या सांगताना 'व्यावहारिक' हा शब्द येतो. धर्मशास्त्रात 'व्यवहार' म्हणजे दावा, खटला, न्यायालयीन काम. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच व्यवहाराध्याय. त्यावर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याण राजधानीत मिताक्षरा लिहिली आणि हिंदूंचा वारसाकायदा तिच्यावर शतकानुशतके चालला. भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय हे व्यवहाराचे चार पाय. वेदान्ती जेव्हा जग व्यावहारिक सत्य आहे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ 'चालचलाऊ खरे' असा पुचाट नाही. ज्या कक्षेत प्रमाणे चालतात, साक्ष घेतली जाते, एकाचे खोटे व दुसऱ्याचे खरे ठरते, त्या कक्षेत जग पूर्ण खरे आहे. ब्रह्मज्ञान होईपर्यंत त्या कक्षेचा निवाडा फिरविण्याचा अधिकार कोणासही नाही. माझ्या किंवा तुमच्या लहरीस तर नाहीच. विज्ञानवादी या कक्षेच्या आत बसून जग नाही म्हणतो, म्हणून आचार्य त्याला तेथेच पाडतात. गौडपाद बोलतात ते वरच्या कक्षेतून. तेथे तुलना खांबाची स्वप्नाशी नसते, दोन्हींची आत्म्याशी असते.

या समन्वयातही एक सांधा उघडा राहतो, हे मान्य केले पाहिजे. वरची कक्षा आहे हे श्रुतीवरून मानावयाचे. पण ती आहे असे सांगणारी श्रुती तर खालच्या कक्षेतली. स्वप्नातल्या सिंहाच्या भीतीने खरी जाग येते, असा दृष्टांत वेदान्ती याला देतात. दृष्टांत सुंदर आहे. तो पुरेसा आहे की नाही, यावर पुढची पाचशे वर्षे गेली.

देवस्थानाच्या हिशेबाच्या सभेत अडचणीचा प्रश्न निघाला की 'जाऊ द्या हो, सगळी माया आहे!' म्हणणारे एक गृहस्थ गावोगाव असतात. शांकरमताप्रमाणे पाहता हा बचाव त्यांना उपलब्ध नाही. पावती, वही, समईचे तेल ही सारी खांब आणि भिंतीच्याच वर्गातली आहेत.

मराठी भाषेत या वादाला तेराव्या शतकाच्या शेवटी वेगळेच वळण लागले. ज्ञानेश्वरांनी 'अनुभवामृता'चे सातवे, सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनास दिले. जग दिसते ते अज्ञानामुळे, ही पायरीच ते काढून घेतात. अज्ञान नावाची वस्तू शोधू गेल्यास हाती लागत नाही. मग तिने एवढे जग निर्माण केले हे कसे मानावे? जे दिसते ते त्या एका चैतन्याचेच विलसणे. येथे जग खोटे ठरविण्याची निकड उरत नाही, आणि ते ब्रह्माहून वेगळे मानण्याचीही नाही. पंढरीची वाट चालणाऱ्याला पायाखालची धूळ खोटी मानावी लागत नाही, हे या भूमिकेचे व्यावहारिक फळ.

दक्षिणेत मध्वाचार्यांनी (१२३८–१३१७) तर गौडपादांची दोरीच कापली. जग ईश्वराधीन आहे, पण खरे आहे. जीव, जड आणि ईश्वर यांच्यातले पाच भेद नित्य आहेत. स्वप्नाचा दाखला त्यांनी विरोधकाच्या हातून काढून घेतला तो असा: स्वप्नातले पदार्थसुद्धा खरेच, ईश्वराने मनातील वासनांपासून घडविलेले, चूक एवढीच की आपण ते जागृतीतले समजतो. मूळ दृष्टांतच नाकारल्यावर त्यावर उभारलेले अनुमान कोठे टिकणार? पुढे व्यासतीर्थांनी 'न्यायामृता'त अद्वैत्यांना कोंडीत धरले: जग मिथ्या आहे, हे मिथ्यात्व स्वतः सत्य की मिथ्या? सत्य म्हणाल तर ब्रह्माखेरीज दुसरे सत्य निघाले आणि अद्वैत गेले. मिथ्या म्हणाल तर जग सत्य ठरले. मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी'त याला ओळीस ओळ उत्तर दिले. स्वप्नात हत्ती दिसला आणि मग हत्ती नाहीसा झालेला दिसला, तर तो 'नाहीसा होणे'ही स्वप्नातलेच. त्यावरून हत्ती खरा ठरत नाही. मिथ्यात्व मिथ्या असले तरी त्यामुळे जग खरे होत नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख. हा वाद आजही पाठशाळांतून शिकविला जातो आणि संपलेला नाही.

व्यासतीर्थ १५३९ साली समाधिस्थ झाले. त्याच शतकात साष्टीत देवळे पडू लागली. केळशीची शांतादुर्गा आणि कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात आले, आणि परंपरेप्रमाणे केळशीचा मठही उठून पुढे कवळ्यास स्थिरावला. ज्या घराण्यांनी हे केले त्यांत गौडपादांची परंपरा मानणारे स्मार्त होते तसे मध्वमत मानणारे वैष्णवही होते. वैष्णवांचा पर्तगाळीचा मठ आपली स्थापना १४७५ सालची सांगतो, म्हणजे २०२५ साली त्यास साडेपाचशे वर्षे झाली. एका पक्षाच्या मते मूर्तीचा पाषाण व्यवहारापुरता खरा, दुसऱ्याच्या मते तो नित्य भेदाने खरा. होडीत मूर्ती ठेविताना मात्र दोघांनी ती सारख्याच काळजीने धरिली असणार. पालखीच्या दिवशी कवळ्याच्या सभामंडपात भस्माचे पट्टे आणि गोपीचंदनाच्या मुद्रा आजही शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात, आणि आरतीचे तबक दोन्ही ओळींतून सारखेच फिरते.